हिरव्या ठशाची अळंबी : रावेर, पाल आणि मनुदेवी

श्रावणात सातपुड्यात लोक धबधबे बघायला जातात. आम्ही गेलो अळंब्या बघायला. बरोबरचा मित्र कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि बुरशी हा त्याचा जीव की प्राण विषय आहे. पावसाळा लागला की त्याला एकच फोन येतो : "सर, विषारी अळंबी ओळखायची खूण सांगा ना." अशी एकच एक खूण नसते, हे फोनवर कुणाला पटत नाही. ते प्रत्यक्ष बघता यावे आणि हिरवा ठसा उमटवणारी विषारी अळंबीही भेटावी म्हणून खान्देशचा हा कोपरा ठरवला. केळीचे मळे, सागाचे जंगल आणि गुरांची कुरणे इथे तासाभराच्या अंतरात आहेत, आणि या तिन्ही ठिकाणी उगवणाऱ्या अळंब्या वेगवेगळ्या.

पहिला दिवस : रावेर

भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीने रावेर. स्टेशनवर मित्राच्या एका विद्यार्थ्याचे वडील घ्यायला आले होते. त्यांना सगळे नाना म्हणतात, आम्हीही नानाच म्हणू लागलो. रात्री जोराचा पाऊस होऊन गेलेला, सकाळी कडक ऊन, आणि अंगाला चिकटणारा दमटपणा. "हवा अशीच पाहिजे," मित्र गाडीत बसता बसता म्हणाला.

केळीचा घड काढला की खोड कापून बांधावर टाकतात. नानांच्या बांधावर अशा कुजक्या खोडांचा आणि वाळक्या पानांचा कमरेइतका ढीग होता. हात लावला तर आतून गरम. त्या ढिगाच्या कडेला पानांखाली करड्या रंगाची अंडी दिसली, कोंबडीच्या अंड्यापेक्षा थोडी लहान. काही फुटून त्यातून छत्री वर येत होती आणि बुडाशी अंड्याचे फाटलेले टरफल पिशवीसारखे राहिले होते. ही व्होल्वेरिएला. भाताच्या पेंढ्यावर वाढवतात म्हणून बाजारात तिला धानाची अळंबी म्हणतात. तिला केळीचा कचराही तितकाच मानवतो.

मित्राने एक अंडे चाकूने उभे चिरले. आत छत्री, देठ, छत्रीखालचे पापुद्रे, सगळे घडी घालून ठेवल्यासारखे. तो म्हणाला, "हे नीट बघून घे. जगातली सगळ्यात घातक अळंबी, युरोपातली अमानिटा फॅलॉइडिस, तीही अंड्यातूनच येते. तिच्याही बुडाशी पिशवी असते. उभी चिरली तर आत साधारण असेच दिसते." मोठी झाल्यावर फरक कळतो. व्होल्वेरिएलाचे पापुद्रे गुलाबी होतात आणि देठावर कडे नसते. अमानिटाचे पापुद्रे पांढरेच राहतात आणि देठावर बहुधा कडे असते. पण व्होल्वेरिएला खाणारे लोक ती अंड्यात असतानाच काढतात, कारण तेव्हाच ती चवदार लागते. म्हणजे फरक दिसायच्या आधीच ती कढईत जाते.

नाना हे लक्ष देऊन ऐकत होते. "आमच्याकडं घरात नही खात," ते म्हणाले, "पन मळ्यातले मजूर नेतात. आजवर काही झालं नही कुनाला." मित्राने मान डोलावली. केळीच्या ढिगावर ही अमानिटा येत नाही. तिला जिवंत झाडाची मुळे लागतात, आणि तीही ठरावीक झाडांची. मजुरांना हे शास्त्र कुणी शिकवलेले नव्हते. ढीग कोणता आणि त्यावर काय उगवते, एवढे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते.

दुपारी नानांच्या घरी कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, पातोडीची भाजी आणि वर कच्चे तेल. कळण्याची भाकरी गरम असतानाच मोडावी, गार झाली की तिची मजा जाते. पातोडीच्या रश्श्याला आलेला तो लाल तवंग पाहून माझ्या डोळ्यांत आधीच पाणी आले होते, पण तिसरी भाकरी मी स्वतःहून मागितली.

रावेर-यावल भागात जाणार असाल तर एक सांगतो. केळीचे मळे खाजगी आहेत, बांधावर उतरण्याआधी विचारा. विचारले की लोक आनंदाने दाखवतात आणि वर फणीही हातात देतात.

दुसरा दिवस : पाल

रावेरहून पालला जायला एसटी आहे, पण वेळा बेभरवशाच्या, म्हणून आम्ही जीप केली. सपाट केळीचा पट्टा संपला की रस्ता सातपुड्यात शिरतो आणि पहिल्या काही वळणांतच हवा बदलते. पाल हे जळगाव जिल्ह्याचे थंड हवेचे ठिकाण, सुकी नदीच्या काठचे. यावल अभयारण्य इथूनच सुरू होते. ते १९६९ साली जाहीर झाले, क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर आणि उत्तरेला थेट मध्य प्रदेशाची हद्द.

वनखात्याची परवानगी घेऊन एका स्थानिक वाटाड्या पोराबरोबर आत गेलो. हा पावरा समाजातला, विशीतला, कमी बोलणारा. अभयारण्यात काहीही तोडायचे-खणायचे नाही ही अट होती आणि ती आम्ही पाळली. अळंबीच्या बीजाणूंचे, म्हणजे तिच्या पुडीसारख्या बारीक बीजांचे, कागदावर ठसे घेणे, खणून बघणे हे सगळे हद्दीबाहेरच्या शेतांवर केले.

जंगल मुख्यतः सागाचे. सोबत अंजन, धावडा, सालई, तेंदू, मोह. सागाचे कोवळे पान बोटांत चुरडले तर बोटे लाल होतात, वाटाड्याने हसत ते करून दाखवले. खालचा पाचोळा मात्र माझ्या लक्षात राहील. एक पान उचलले तर खालच्या बाजूला पांढऱ्या धाग्यांची जाळी, पानाच्या शिरांवरून सरकत दुसऱ्या पानात शिरलेली. सागाचे पान मोठे आणि राठ. ते कुजवायला बुरशी नसती तर या जंगलात कमरेएवढा पाचोळा साचला असता आणि उन्हाळ्यातले वणवे कुणालाच आवरले नसते.

साग आणि सालवृक्ष यांच्यातला मोठा फरक मला इथे पहिल्यांदा कळला. झाडे मुळांतून बुरशीशी भागीदारी करतात. बुरशी जमिनीतले पाणी आणि स्फुरद गोळा करून देते, झाड तिला साखर देते. पण सागाचा भागीदार सूक्ष्म, मुळांच्या आतच राहणारा. तो जमिनीवर छत्री काढत नाही. सालाचे तसे नाही. त्याच्या मुळांवर बाहेरून वेटोळे घालणारी बुरशी असते आणि अमानिटाच्या कित्येक जाती त्याच गटातल्या. सातपुड्यातच पूर्वेला पचमढीला गेलात तर सालवन लागते, इथे नाही. डोंगररांग एकच, पण झाड बदलले की पायाखालची अळंबी बदलते आणि तिच्याबरोबर धोकाही.

दुपारनंतर हद्दीबाहेरच्या एका शेतावर गेलो. वाटाड्याच्या ओळखीची एक मावशी बांधावर गवत कापत होती. आम्ही अळंबीचे नाव काढताच तिने विळा खाली ठेवला आणि आम्हाला उधईच्या, म्हणजे वाळवीच्या, वारुळाकडे नेले. वारुळाच्या पायथ्याशी दहा-बारा पांढऱ्या करड्या छत्र्या, प्रत्येकीच्या मध्यभागी भाल्याच्या फाळासारखे टोक. मित्राचा चेहरा उजळला. "टर्मिटोमायसिस!"

मावशीने एक छत्री उपटली नाही. काठीने बाजूची माती हळूहळू उकरत गेली. देठ जमिनीखाली संपेचना. वीतभर गेला, दोन विती गेला, बारीक होत होत मुळीसारखा झाला आणि शेवटी वारुळातल्या एका पोकळीत शिरला. पोकळीत स्पंजासारखा भुरकट गोळा होता आणि त्यावर मोहरीएवढे पांढरे दाणे. ती उधईची शेती. उधई लाकूड-पाला चावून हा गोळा रचते, त्यावर ही बुरशी वाढवते. लाकडातला जो भाग उधईला पचत नाही तो बुरशी पचवते आणि उधई मग ते दाणे आणि जुना गोळा खाते. ही शेती सुमारे ३ कोटी वर्षांपासून चालू आहे असे मानतात. माणसाला मात्र ही अळंबी शेडमध्ये उगवायला अजून नीट जमलेली नाही. पहिल्या जोरदार पावसानंतर ती आपली आपण वर येते आणि तेव्हाच मिळते.

मी मावशींना विचारले, खायची कुठली आणि टाकायची कुठली हे कसे ठरवता? त्या म्हणाल्या, "खाली उधईचं घर पायजे. मुळी लांब पायजे. उपटल्यावर सहज आली, मुळी नसली, तं आमी हात लावत नाही. आणि सासूनं दाखवलं नाही ते घरात आणत नाही." चार वाक्यांत संपले. त्यात रंग नाही, वास नाही, चांदीचे नाणे काळे पडते का ही परीक्षा नाही. मी विषारी अळंबीबद्दल जे काही ऐकले-वाचले आहे त्यात यापेक्षा समंजस काही आठवत नाही.

संध्याकाळी परतताना गावाबाहेरच्या गुरचरणीवर थांबलो आणि ज्यासाठी आलो होतो ती तिथेच भेटली. गुरे बसतात त्या हिरव्यागार गवतात मोठमोठ्या पांढऱ्या छत्र्या, जवळजवळ वर्तुळात उभ्या. एखादी तर जेवणाच्या ताटलीएवढी. वर तपकिरी खवले, मध्यभागी दाट आणि कडेला विरळ. देठावर जाड कडे, बोटाने वर-खाली सरकणारे. दिसायला देखणी, मांसल, आणि वासही चांगला. अनोळखी माणसाला वाटावे, आजचे जेवण मिळाले.

वर्तुळाची कडा जिथे होती तिथले गवत बाकीच्यापेक्षा गडद. बुरशी जमिनीखाली मध्यापासून बाहेरच्या दिशेने पसरत जाते, शेण आणि मेलेले गवत कुजवते, त्यातला नत्र मोकळा होतो आणि गवताला मिळतो. छत्र्या त्या पसरत्या कडेवर येतात, म्हणून वर्तुळ. पुढच्या वर्षी ते आणखी मोठे झालेले असेल.

मित्राने एक जून आणि एक कोवळी अशा दोन छत्र्या कागदात गुंडाळल्या. खोलीवर आल्यावर जुनीचा देठ कापला, छत्री पापुद्रे खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवली आणि वर स्टीलचे पातेले पालथे घातले.

तिसरा दिवस : पालच आणि दिवसभर पाऊस

सकाळी पातेले उचलले. कागदावर पापुद्र्यांची चाकासारखी नक्षी उमटली होती, आणि तिचा रंग हिरवट. सुक्या शेवाळासारखा, किंचित करडी छटा असलेला हिरवा. बोट फिरवले तर पूड बोटाला लागली. एवढ्या पांढऱ्याशुभ्र अळंबीतून हिरवी पूड पडते यावर मी डोळ्यांनी बघूनही जरा वेळ विश्वास ठेवला नाही.

ही क्लोरोफायलम मॉलिबडायटीस. शास्त्रात तिची पहिली नोंद १८१८ सालची, दक्षिण अमेरिकेतल्या गयानातली. आज जगाच्या सगळ्या उष्ण प्रदेशांत ती सापडते : कुरणात, बागेच्या हिरवळीत, जंगलातल्या मोकळ्या गवताळ तुकड्यात. खाल्ल्यावर साधारण तासा-तीन तासांत मळमळ, जोराच्या उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. बहुतेक लोक वाचतात, पण लहान मूल किंवा म्हातारे माणूस असेल तर अंगातले पाणी कमी होऊन जिवावर बेतते. उत्तर अमेरिकेत अळंबीच्या विषबाधेच्या सगळ्यात जास्त तक्रारी हिच्याच येतात.

आणि फसगत नेमकी कुठे होते तेही दिसले. आदल्या दिवशीच्या कोवळ्या छत्रीचे पापुद्रे अजून पांढरेच होते. हिरवी छटा छत्री पुरती उघडून बीजाणू पिकल्यावरच येते. कोवळी, गोल, घट्ट अळंबी माणूस आधी उचलतो, आणि तेव्हा ती बाजारातल्या बटन मशरूमची मोठी बहीण वाटते.

पाऊस थांबेना, म्हणून पडवीत बसून राहिलो. गरम भजी, चहा, समोर पाण्याच्या सरी. वाटाड्याही आला होता. कागदावरचा ठसा त्याने बराच वेळ पाहिला आणि मग आपणहून बोलायला लागला.

त्याचा मोठा भाऊ कुटुंबासह गुजरातेत शेतावर कामाला असतो. गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मालकाच्या गोठ्यामागे, उकिरड्याजवळच्या गवतात अशाच छत्र्या उगवल्या. वहिनीने गावाकडच्या आठवणीने काढल्या आणि रांधल्या. रात्री भाऊ, वहिनी आणि दोन्ही मुले उलट्या करत अंगणात पडली. मालकाच्या ट्रॅक्टरमधून दवाखान्यात नेले, सलाइन लावले, दोन दिवसांनी सगळे उठून बसले. "वहिनी आमच्याकडं सगळ्यात चांगली ओळखते," तो म्हणाला. "तिला कसं नाही कळलं?"

मित्राने त्याला जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत लिहितो, कारण माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा तोच आहे. वहिनींचे ज्ञान खरेच होते, पण ते सातपुड्याचे होते. इथे पावसाच्या सुरुवातीला वारुळावर येणारी पांढरी छत्री खायची असते. तिथे ऋतू तोच, रंग तोच, आकारही जवळपास तोच, पण खाली वारूळ नव्हते, उकिरडा होता.

जगभर हेच घडते. अमानिटा फॅलॉइडिस मूळची युरोपातली, ओकच्या झाडांच्या मुळांवरची. युरोपातून नेलेल्या रोपांच्या मुळांबरोबर ती कॅलिफोर्नियात आणि ऑस्ट्रेलियात पोचली. तिथे स्थायिक झालेल्या आशियाई लोकांना ती ओकखाली दिसली आणि घरची धानाची अळंबी आठवली, तीच जी आम्ही नानांच्या बांधावर बघितली. २०१२ च्या जानेवारीत कॅनबेरामध्ये असे दोघे दगावले. आपल्याकडे आसाममध्ये एप्रिल २०२२ मध्ये रानातली अळंबी खाऊन १३ जण गेले, त्यांत बरेचसे चहामळ्यातल्या वस्त्यांवरचे.

अमानिटाचे विष अधिक क्रूर आहे, कारण ते वेळ काढते. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब. मग दिवसभर बरे वाटते, माणूस घरी जातो. त्या वेळात यकृताच्या पेशींचे प्रथिने बनवण्याचे काम बंद पडत असते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत निकामी होते. शिजवून, वाळवून, गोठवून हे विष जात नाही.

पावसात अडकलेल्या त्या दुपारी आम्ही सगळ्या प्रचलित परीक्षाही उगाळल्या. चांदीचे नाणे काळे पडते का, लसूण निळा होतो का, तांदूळ लाल होतात का : कशालाच आधार नाही. किड्यांनी खाल्लेली म्हणजे माणसाला चालते, हेही खोटे. अमानिटाचे विष पचवणाऱ्या फळमाश्यांच्या जाती आहेत, त्यांच्या अळ्या त्याच अळंबीत वाढतात.

कुणाला त्रास झालाच तर एवढे करा. १०८ ला फोन करा आणि थेट दवाखाना गाठा, मिठाचे पाणी पाजून उलटी काढत बसू नका. उरलेली अळंबी, कच्ची असो की शिजलेली, कागदात गुंडाळून बरोबर न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती तासाभरात गळून जाते. किती वाजता खाल्ले आणि पहिला त्रास किती वाजता झाला हे डॉक्टरांना नक्की सांगा. सहा तासांनंतर सुरू झालेला त्रास जास्त धोक्याचा. ज्याने ज्याने तीच भाजी खाल्ली त्या सगळ्यांना न्या, बरे वाटत असले तरी.

चौथा दिवस : मनुदेवी

पालहून खिरोदा, फैजपूर, यावल करत आडगावला आलो. तिथून मनुदेवीचा रस्ता डोंगराच्या कुशीत जातो. श्रावणात गर्दी असते आणि देवळामागचा धबधबा भरात असतो. तुषार अंगावर घेत उभे राहायला मजा येते, पण कातळ निसरडा आहे, लहान मुलांना सोडू नका. वाटेत फुटाणे आणि भाजलेली मक्याची कणसे मिळतात. कणसाला मीठ-लिंबूबरोबर लाल तिखटही लावतात, सोसत असेल तरच हो म्हणा.

ओढ्याच्या कडेला पडलेल्या एका जुन्या खोडावर मित्र पुन्हा रमला. खोडावर पंख्यासारखी चिवट बुरशी, खाली कानासारखी मऊ तपकिरी, आणि लाकूड बोटाने दाबले तर भुसा.

तेवढ्यात वाटाड्याचा फोन आला. निघताना मित्राने त्याला हिरव्या ठशाचा आणि दोन्ही छत्र्यांचा फोटो पाठवला होता, त्याने तो गुजरातेत भावाला धाडला होता. आता भाऊ आणि वहिनी दोघे फोनवर होते. वहिनींचा पहिलाच प्रश्न : पापुद्रे पांढरे असतील तर चालेल का? मित्र म्हणाला, "नाही ताई. कोवळेपणी हिचेही पांढरेच असतात. तिथं वारुळावरची, लांब मुळीची तुम्हाला दिसली तरी तिथल्या जुन्या माणसाला दाखवल्याशिवाय नको."

मग भाऊ म्हणाला, गोठ्यामागे यंदाही आल्या आहेत, परवापासून. मालक म्हणतो औषध मारून जाळून टाक, पोरं हात लावतात. मित्राने त्याला सांगितले की हात लावून काही होत नाही, पोटात गेली तरच विष. पोरांना ती दाखवून ठेवा, हिला तोंड लावायचे नाही असे बजावा. कोंबड्या-कुत्री तिकडे फिरकू देऊ नका. औषध मारू नका, ती उकिरड्यातल्या शेणाचे खत करते आहे आणि चार-पाच दिवसांत आपली आपण कुजून जाईल.

"मालकाला सांगतो," भाऊ म्हणाला. आणि मागून वहिनींचा आवाज आला, त्या गोलाच्या कडेचं गवत म्हशी आधी खातात, ते का?